पण तिथं जेवतेत काय?

शेटे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिचडीच्या पातेल्याला गोष्ट वाचून दाखवत होते. निदान मला लांबून तसंच वाटलं. धर्मापुरीच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की एक छोटं गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी मराठी शिकवायला बदली झाली होती आणि तो माझा पहिला दिवस होता. शाळेच्या मागे पत्र्याची किचन शेड, तिच्या दारात लोखंडी स्टूल आणि स्टुलावर पन्नाशीला टेकलेला एक माणूस. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात हजेरीचं जुनं रजिस्टर. तो मोठ्यानं वाचत होता, "आणि यानाने गुरूची कक्षा ओलांडली. आता पुढची अकरा वर्षे त्यांना सूर्य केवळ एका ठिपक्याएवढा दिसणार होता."

आतून, वाफेतून, एका बाईचा आवाज आला, "अकरा वर्सं? पन तिथं जेवतेत काय?"

माणूस थांबला. खिशातलं पेन काढून त्यानं रजिस्टरच्या समासात काहीतरी टिपलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "राहिलंच की सरूबाई. उद्या सांगतो."

मी मनात म्हटलं, कुठं येऊन पडलो आपण. हेडमास्तरांना विचारलं तर ते हसले. "ते शेटे सर. विज्ञान शिकवतात. चंद्रावरच्या, मंगळावरच्या गोष्टी लिहितात, पुण्यामुंबईच्या दिवाळी अंकांत छापून येतात. आन आत ती सरूबाई, पोरांची खिचडी करते. तिनं ऐकल्याशिवाय सरांची गोष्ट टपालात पडत नाही." सरूबाईला लिहितावाचता येतं का, असं मी विचारलं. "छे हो," हेडमास्तर म्हणाले, "ती अंगठा लावते."

शाळा दहाला भरायची आणि शेटे सर दहा वाजून दहा मिनिटांनी यायचे. मोटरसायकल होती, पण ती चालवायचे बैलगाडीसारखी. वाटेत कुणी भेटलं की थांबायचं, कुणाची म्हैस आडवी आली की तिची खुशाली विचारायची. मला उशिराचा भयंकर तिटकारा. एकदा मी सातवीच्या वर्गाच्या दारातच त्यांच्यासमोर घड्याळ धरलं. ते म्हणाले, "बाई, सूर्याच्या उजेडालासुद्धा इथं पोचायला आठ मिनिटं लागतात. मी तर धर्मापुरीहून येतो." आता हे वर्गात सांगायचं असतं का? सातवीची पोरं दुसऱ्या दिवसापासून हेच कारण सांगू लागली. सरांनी त्यांना शांतपणे समजावलं, "उजेड रोज तेवढाच उशीर करतो. तुम्ही कधी आठ मिनिटं करता, कधी अर्धा तास. ते चालणार नाही." पोरांना पटलं. मला अजून पटलेलं नाही.

त्यांचं नाव मन्मथ. धर्मापुरीत वडलांचं किराणा दुकान होतं, घरात लिंगायतांच्या कपिलधार यात्रेची रीत होती आणि मोठ्या मुलानं गल्ल्यावर बसायचं हे तो जन्मायच्या आधीच ठरलं होतं. तो बसलाही. पण पुडी बांधायला रद्दी यायची, आणि मन्मथ गूळ बांधायच्या आधी कागद वाचायचा. गिऱ्हाईक ताटकळत उभं. एकदा एका कागदावर लेख होता, समुद्राच्या तळाशी माणसं घरं बांधून राहू शकतील का, असा. अर्धं पान वाचून झालं आणि खाली कागद फाटलेला. उरलेला अर्धा कुणाच्या तरी शेंगदाण्याभोवती गावभर गेला होता. सर सांगायचे, "बाई, चार दिवस मला झोप नाही. राहू शकतील का नाही, ते खालच्या अर्ध्यात होतं. मग म्हटलं, आपणच ठरवू." पाटीवर लिहिलेली ती त्यांची पहिली गोष्ट. समुद्राच्या तळाशी धर्मापुरी वसवली होती, देवळासकट.

पुढं आयुष्यभर ते म्हणायचे, "पुढचं पान फाटलेलं असतं म्हणून माणूस डोकं चालवतो. सगळं छापून मिळालं असतं तर मी गूळच विकला असता." वडलांनी काही दिवस आदळआपट केली, मग दुकान धाकट्याला दिलं आणि ह्याला मास्तर होऊ दिलं.

त्यांच्या पहिल्या कितीतरी गोष्टी संपादकांकडून साभार परत आल्या. एका संपादकांनी मोठ्या आपुलकीनं लिहिलं होतं की कल्पना चांगली आहे, पण अंतराळयान परळीजवळच्या माळावरून उडतं हे वाचकांना खरं वाटणार नाही, तेव्हा जागा बदलून पाठवावी. सरांनी कार्डावर उत्तर धाडलं, 'आपण यान उडू दिलंत, माळ मात्र अडवलात. माळ खरा आहे, यान खोटं आहे. कृपया फेरविचार व्हावा.' गोष्ट छापून आली, माळासकट. त्या कार्डाची ठेवलेली नक्कल मला नंतर काकूंनी दाखवली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांनी सगळ्या परत आलेल्या पाकिटांवर उन्हाळ्याच्या पापडांची कृती, पाहुण्यांचे पत्ते आणि दुधाचे रतीब लिहून ठेवले होते.

मी ह्या कारभारात कशी सापडले तेही सांगते. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची दिंडी पावसात सापडावी तसं. माझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन पक्कं, आणि त्याचा मला गर्वही होता, आता कशाला लपवू. मी स्वतःहून म्हटलं, द्या, मी पक्की प्रत करून देते. तेव्हापासून सरांची प्रत्येक गोष्ट आधी सरूबाईच्या कानावर, मग माझ्या हाताखाली, मग टपालात. पुढं मोबाइल आला, मी टाइप करायला शिकले, पण क्रम तोच राहिला. आधी ती, मग मी.

सरूबाई तेव्हा तिशीची असेल. उंच, हडकुळी, डोक्यावर पदर, हातात हातभर लांबीचा झारा. लग्न झाल्यापासून दहा-बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दिवाळी झाली की गाव सोडायचं, कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे आणि उन्हाळ्यात माघारी. शाळेत खिचडीचं काम मिळालं तेव्हा ती गावात राहिली. सर म्हणायचे, "बाई, आपण दोघं कधी कुठं गेलो? तुम्ही लातूरहून इथवर आलात, मी धर्मापुरीहून इथवर येतो. आपल्या सगळ्या शाळेत अंतराळप्रवास केलेली बाई एकच आहे, ती तिथं तांदूळ निवडतीय."

मला ही त्यांची थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती हे मला माझ्या मूर्खपणानंच कळलं.

सरांनी एक गोष्ट लिहिली होती. पृथ्वीवरून चाळीस जोडपी दुसऱ्या ग्रहावर वस्ती करायला निघतात. यंत्रं, इंधन, हवा, सगळं चोख. स्टुलावर बसून त्यांनी ती वाचली, मीही शेजारी उभी होते. सरूबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "चाळीस जोडे गेले. मंग म्हाताऱ्या कुनापाशी ठिवल्या?"

सरांनी खिशातलं पेन काढलं.

"आमी जायचो तवा सासूला घरी ठिवून जायचो," ती म्हणाली. "टेम्पो निघाला की ती दारात उबी ऱ्हायची. रडायची न्हाई. पन आमी गेल्यावर बी म्हैनाभर तिची एक भाकर जास्तच व्हायची, मने. हाताला सवय. मंग ती भाकर कुत्र्याला घालायची."

सरांनी गोष्ट आठवडाभरात नव्यानं लिहिली. तिच्यात आता एक म्हातारी होती. मुलगा आभाळात गेलेला, आणि तिच्या तव्यावर रोज एक भाकरी जास्त. मी पक्की प्रत करायला बसले आणि मला ते पान काही सोसेना. प्रकाशवेग, गुरुत्वाकर्षण वगैरे चाललंय आणि मध्येच भाकरी, तवा, कुत्रं? विज्ञानकथेची काही शान असते की नाही. मी ते पान सरळ वगळलं, दोन्ही टोकं सफाईनं जोडली आणि सरांना न दाखवता पाकीट टपालात टाकलं. चांगलं काम केल्याच्या थाटात घरी आले.

दीड महिन्यानं पाकीट परत आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कल्पना उत्तम. कथा कोरडी वाटते.' सर स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या माझ्या अक्षरातली प्रत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "बाई, म्हातारी कुठं गेली?"

मी म्हटलं, "विज्ञानकथेत भाकऱ्या शोभत नाहीत, सर."

मला वाटलं, आता चिडतील. ते चिडले नाहीत, त्यानंच मला जास्त लागलं. म्हणाले, "चला माझ्याबरोबर." किचन शेडपाशी नेऊन त्यांनी मला दोन्ही गोष्टी सरूबाईला वाचून दाखवायला लावल्या, आधी माझी, मग त्यांची. माझी ऐकताना ती कांदे चिरत होती. त्यांची ऐकताना तिची विळी थांबली.

"पयल्या गोष्टीत कुनी गेलं ते कळतंय," ती म्हणाली. "कुनाला सोडून गेलं ते कळंना."

बीए, बीएड झालेली मी बाई, दहा वर्षं व्याकरण शिकवत आलेली, आणि अंगठा लावणाऱ्या बाईनं माझं परीक्षण एका वाक्यात करून टाकलं. मला राग आला, स्वतःचा आला, सरांचा आला, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त सरूबाईचा आला. पान परत घालून मी नवी प्रत केली. त्या दिवाळीला गोष्ट छापून आली. मग पत्रं येऊ लागली, शाळेच्या पत्त्यावर, कितीतरी दिवस. एका बाईंनी लिहिलं होतं की माझा मुलगा परदेशात असतो, आणि मी रोज चहा दोन कप टाकते हे तुम्हाला कुणी सांगितलं. सरांनी ते पत्र सरूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला मनावं, कुत्रं पाळ."

त्या गोष्टीनंतर सरांचं नाव झालं. पुस्तकं निघाली. पुण्यात सत्कार ठरला. सरांचा आग्रह होता की सरूबाईनं यावं, पण ती म्हणाली, "मी आले तर हितं दोनशे पोरं उपाशी ऱ्हातील." तेव्हा काकू आणि मी गेलो. मोठं सभागृह, पंखे बिनआवाजाचे. कुणीतरी विचारलं की आपल्या अंतराळवीरांना नेहमी भूक लागते, ते भांडी घासतात, आजारी पडतात, ही दृष्टी आपण कोणत्या लेखकाकडून घेतलीत? सर म्हणाले, "आमच्या शाळेत सरूबाई म्हणून आहेत. खिचडी करतात. त्यांच्याकडून."

सभागृह हसलं. चांगल्या मनानंच हसलं, लोकांना वाटलं गावाकडचा माणूस गमतीदार बोलतो. सर हसू थांबेपर्यंत थांबले आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "कावून हसायले? मी विनोद केला नाही." मग टाळ्या झाल्या, पण त्या जरा ओशाळ्या होत्या. परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले. जामखेड मागं पडल्यावर म्हणाले, "यंत्र कुणीबी लिहील हो बाई. यंत्रात बसलेल्याला तहान लागली पाहिजे." आणि मग झोपून गेले.

निवृत्त झाल्यावरही सर शाळेत यायचे. वर्ग नव्हता, हजेरी नव्हती, पण मधल्या सुट्टीच्या आधी मोटरसायकलचा आवाज यायचा आणि ते स्टूल दारात सरकायचं. आता ते कादंबरी लिहीत होते. सात-आठ वर्षं लिहीत होते. एक यान, परळीजवळच्या त्याच माळावरून उडालेलं. प्रवास इतका लांबचा की निघालेली माणसं पोचणार नाहीत, त्यांची नातवंडं पोचतील. यानाला एकच खिडकी, आणि खिडकीशी अप्पा नावाचा म्हातारा बसलेला. जन्मल्यापासून त्याला एकच काम, जमीन दिसली की सांगायचं. यानात एक स्वयंपाकघर आणि तिथं चंद्राबाई. मी एकेक प्रकरण टाइप करत होते आणि माझ्यासारख्या बाईच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं त्यांनी. सगळं झालं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. यान पोचतं, आणि पुढं काय? मी विचारलं की म्हणायचे, "पान फाटलेलं आहे, बाई. थांबा जरा." नाव काय ठेवणार विचारलं तर म्हणायचे, "जन्माआधी बारसं करतेत का कुठं?"

आणि अशात त्यांना अर्धांगवायू झाला. उन्हाळ्याची सकाळ, अंघोळ करून लिंगपूजेला बसले होते आणि तिथंच कलंडले. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू यायचं, सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा. "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, दुखतंय तरी बरं. काकू त्या एका शब्दाचे पंधरा अर्थ ओळखायला शिकल्या. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

घरी आणल्यावर मी भेटायला गेले. सरांनी डाव्या हातानं उशीखालून कादंबरीची चळत ओढली आणि शेवटचं कोरं पान माझ्यासमोर धरलं. डोळे माझ्यावर. मला कळलं. माणसाची सगळी जिंदगी त्या एका कोऱ्या पानावर येऊन अडली होती. दुसऱ्यांच्या फाटलेल्या कागदांची खालची अर्धी पानं लिहिण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःचंच पान फाटकं राहत होतं.

मी म्हटलं, मी लिहिते सर, तुम्ही फक्त मान हलवा. वीस वर्षं त्यांचं लिखाण माझ्या हाताखालून गेलेलं, माझ्याशिवाय कुणाला जमणार, असा माझा भाव. पहिला शेवट लिहिला. ग्रह सुंदर निघतो, सगळे आनंदानं नाचतात. वाचून दाखवला. सरांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसरा लिहिला. ती पृथ्वीच असते, माणसं फिरून तिथंच आलेली असतात. मला तो फार हुशार वाटला होता. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. मुलगा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "प्रकाशक एका नावाजलेल्या लेखकाकडून पूर्ण करून घ्यायला तयार आहेत. बाबा असताना पुस्तक हातात तरी पडेल." सर डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटत राहिले, बरं, बरं, बरं. तो नकार होता, हे समजायला काकूंची गरज नव्हती.

ह्या सगळ्यात दोन महिने गेले. आम्ही कोण कोण शोधलं म्हणून सांगू. त्यांच्या जुन्या वह्या पाहिल्या, रजिस्टरांचे समास तपासले, संपादकांना फोन केले की सर कधी शेवटाबद्दल बोलले होते का. लिहिणारे, वाचणारे, छापणारे, एकूण एक विचारून झाले. सरूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेवराईला गेली होती आणि तिला विचारावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. पाऊण गाव गोळा केलं असेल, पण जिला अक्षर येत नाही तिच्यापाशी कादंबरी असेल असं वाटायला अक्कल लागते, ती आमच्यात नव्हती.

ती आली ती एका दुपारी, एसटीतून उतरून थेट सरांच्या घरी; मी तिथंच होते. पदराखाली फडक्यात ज्वारीची भाकरी. पलंगाशी खाली बसली, सरांच्या पायाला हात लावला आणि रडली नाही. "लई वाळले की वो सर," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "गोष्ट छापून आली का मॅडम?"

मी म्हटलं, "कुठली छापायला? शेवटच नाही तिचा. सरांना सांगता येत नाही."

"न्हाई कसा?" सरूबाई म्हणाली. "मला सांगितलाय की. मागल्या वर्सीच. भांडलो बी आमी त्याच्यावरून."

काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि चेहरा असा सैल झाला होता, दोन महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"आधी सर मनले, यान पोचतंय, पन दार उगडत न्हाई," सरूबाई सांगू लागली. "मी मनलं, हे काय सर, तीन पिढ्या बसून आले आन दार उगडंना व्हय? मी न्हाई ऐकनार असली गोष्ट. आठ दिस मी त्यांच्याशी बोलले न्हाई. मंग आले आन मनले, बरं बाई, उगडतो."

मी पेन काढलं. तिच्या वाक्यांना वळण देत पुस्तकी मराठीत लिहू लागले, सवयच ती. सरांनी डोळे उघडले, डावा हात माझ्या कागदावर ठेवला, आणि मग ते बोट उचलून सरूबाईच्या तोंडाकडं दाखवलं. मी आधीच्या चार ओळी खोडल्या आणि ती बोलत होती तसं लिहीत गेले.

"जमीन दिसती. पन अप्पा सांगत न्हाई. लोक मनतेत, अप्पा, दिसली का? जाऊन बगतेत तर म्हातारा खिडकीपाशी बसल्या बसल्या गेलेला. डोळे उगडे, जमिनीकडं. सगळ्यात आधी त्यानंच बगितली, पन सांगायला न्हाई ऱ्हायला. मंग दार उगडतंय. पोरं पळतेत. चंद्राबाई मातर उतरत न्हाई. ती आधी दाळ चढवती."

सरांचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजलं. टक, टक.

"दाळ न्हाई, दाळ न्हाई," सरूबाई हसली. "पीठ मळती. चुकले. पीठ मळती आन मनती, पयल्या दिवशी ह्या जमिनीवर कुनी उपाशी झोपायचं न्हाई. मंग समदे मिळून खड्डा खांदतेत. नव्या मातीतला पयला खड्डा. अप्पाला आडवं करीत न्हाईत. जसा बसला हुता तसाच बसवतेत, आभाळाकडं तोंड करून. आन त्याच्या शेजारीच चूल मांडतेत. जेवतेत. झाली गोष्ट."

सरांच्या डाव्या हातानं सरूबाईचा हात शोधला. मी विचारलं, "नाव? कादंबरीचं नाव काय ठेवायचं, हे बोलले होते का?"

"ते न्हाई बोलले," ती म्हणाली आणि जरा विचार केला. "आमी ऊसतोडीला गेलो की कारखान्यावरून सासूला फोन करायचो, गावातल्या दुकानावर. जास्ती बोलता यायचं न्हाई. एवढंच सांगायचो, पोचलो. तेच ठिवा की. 'पोचलो'."

मी सरांकडं पाहिलं. "बरं," सर म्हणाले. तो मात्र खरा बरं होता.

मग सरूबाईनं फडकं सोडलं, भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी त्यांच्यापुढं धरली. आठ दिवसांत मी ते प्रकरण टाइप केलं आणि सरांना सलग वाचून दाखवलं. ते दोन वेळा हसले, एकदा रडले. पुढच्या सोमवारी सकाळी दुसरा झटका आला आणि ते गेले. पुस्तक त्यांच्या हातात पडलं नाही. पण शेवट झालेला होता, आणि तो झालाय हे त्यांना माहीत होतं.

लिंगायतांमध्ये माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत. बसवून समाधी देतात. अंगणात सरांना आसनावर बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे ताजे, तळहातात इष्टलिंग, गळ्यात हार. वर्गात बसायचे तसेच ताठ. बायकांच्या घोळक्यातून सरूबाई पुढं आली. कितीतरी वेळ पाहत राहिली. मग माझा दंड धरून हळूच म्हणाली, "बगा मॅडम, तसंच झालं. बसूनच निघाले." आणि तेव्हा रडली, पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर. मीही रडले. वीस वर्षं जिच्यावर जळले तिच्याच गळ्यात पडून रडले.

पुस्तक आलं त्यावर सरांचं नाव आहे, आणि आतल्या पानावर 'शेवटचे प्रकरण सरूबाई यांच्या तोंडून' असं छापलंय. पहिली प्रत मी तिला दिली. ती तिनं खिचडीच्या सामानाच्या कपाटात, तेलाच्या डब्यामागं ठेवलीय, कुणाचा हात लागू नये म्हणून.

मी स्वतः कधी काही लिहिलेलं नाही. लोकांचं शुद्ध केलं, एवढंच. हे पहिलंच. त्यामुळे रीतीप्रमाणं काल मधल्या सुट्टीच्या आधी लोखंडी स्टूल किचन शेडच्या दारात ओढलं आणि सरूबाईला हे सगळं वाचून दाखवलं. ती खिचडी ढवळत ऐकत होती. संपल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "बरं हाय. समदं आलंय. पन सर जेवायचे काय, ते कुठं लिवलंय?"

राहिलंच होतं. म्हणून लिहिते. सर डब्यात ज्वारीची भाकरी आणायचे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि रविवारी काकूंनी केलेलं धपाटं उरलं तर सोमवारी ते. कांदा बुक्कीनं फोडायचे. भाकरीचा शेवटचा चतकोर स्टुलावर बसून खायचे, गोष्ट वाचायला सुरुवात करायच्या आधी. आणि सरूबाई गेवराईहून आली त्या दुपारी तिनं दुधात कुस्करलेली भाकरी त्यांनी डाव्या हातानं स्वतः खाल्ली, सांडत, हळूहळू, आणि वाटी रिकामी केली.